निकेतने लावलेले दिवे

१२ जानेवारी २००९, सोमवार

कावेरी, ही वही वाचायला घेण्याआधी चष्मा शोध. डोक्यावर बघ. तिथे नसला तर फ्रीजवर. माझी एकुलती एक मुलगी, आणि विसरायला पाच मुलींना पुरून उरशील! फोनवर सांगितलेलं तुला दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि वर मलाच विचारतेस, "आये, तू माका ह्या कधी सांगलंस?" म्हणून आता सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. वही भरली की दोडामार्गला तुझ्याकडे येईल. मग विसरून दाखव.

लिहिणारी अर्थात मी नाही. शाळेची पायरी मी फक्त मासे द्यायला चढले. लिहिते ती वर्षाली. माझी सून दहावी पास आहे. मी मालवणीत सांगते, ती पुस्तकातल्यासारखं करून लिहिते. म्हणते, "आई, मालवणी लिहूक शाळेत शिकवूक नाय." पण कोणी काही बोललं तर ते बोलल्यासारखंच लिही, असं तिला बजावलंय. आज सोमवार, माशाला गिऱ्हाईक नाही, म्हणून दोघी रिकाम्या.

आता बातमी. काल कट्ट्याच्या तिठ्यावर एका ट्रकने आपल्या ओमनीला मागून धक्का दिला. कोणाला लागलं नाही. वर्षालीचा निकेत चालवत होता, मी पुढच्या सीटवर, आणि शेवंती मागे टोपल्यांच्या मध्ये. शेवंती म्हणजे आपल्या वाडीतली, रोज माझ्याबरोबर कट्ट्याच्या बाजाराला मासे घेऊन येते आणि आचऱ्यापासून कट्ट्यापर्यंत एकदाही तोंड मिटत नाही. धक्का बसला तेव्हा मात्र मिटलं.

निकेतने वळायची बत्ती दिली होती. ट्रकवाला म्हणाला, "दिसलीच नाय." निकेत भांडायला उतरला. ट्रकवाल्याने वाकून मागची बत्ती बघितली आणि विचारलं, "ही गाडयेची बत्ती काय निरांजन?"

मला हसू आलं. निकेतला नाही आलं. सव्वीस वर्षांचा झाला, पण नाक अजून लहानपणीसारखंच लाल होतं.

१५ जानेवारी, गुरुवार

निकेत सांगतो, जुने बल्ब काढून एलईडीचे घालणार. मी विचारलं, हे कोण? म्हणाला, "आजये, बारीक दाण्यांचे दिवे. लखलखीत. दुपारच्या उन्हात पण दिसतले. तुझ्या जिवापेक्षा बल्ब जास्त काय?"

माझ्या जिवासाठी नातू दिवे लावतो आहे. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिही, वर्षाली.

१९ जानेवारी, सोमवार

काल बाजार उरकून मालवणला मितेशच्या दुकानात गेलो. मितेश गाड्यांच्या वायरी जोडतो. मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. जुना बल्ब काढला तो बोराएवढा, आत काळा पडलेला. नवा घातला तो कणसाच्या तुकड्यासारखा, दाणेच दाणे. पेटवला तर डोळे दिपले. पण गाडीत जी टिकटिक वाजते ना, वळताना, ती वेडी झाली. आधी कशी, म्हातारी जिना चढते तशी. आता टिकटिकटिकटिक, मांजर मागे लागल्यासारखी.

मी म्हटलं, "मितेशा, बिघडवलंस मरे!"

तो हसला. "बिघाड नाय आजये. ह्ये दिवे करंट कमी खातत. गाडयेतलो रिले जुनो, तेका वाटता बल्ब उडालो. बल्ब उडालो की तो अशीच घाई करता, डायवराक कळाक व्हया म्हणान."

"म्हणजे दिवो पेटलेलो आसा आणि गाडी म्हणता मेलो?"

"तसाच."

मग त्याने सोनेरी रंगाचा एक तुकडा आणला, बोटाएवढा, आणि मागच्या कोपऱ्यात वायरीला जोडला. म्हणाला, हा उजेड देत नाही, काम करत नाही, नुसता करंट खातो. तो खातो म्हणून गाडीला वाटतं जुनाच बल्ब आहे. टिकटिक पुन्हा म्हातारी झाली. गाडीला फसवायची वस्तू दुकानात मिळते, हे मला नवीन.

निघताना मितेश निकेतला म्हणाला, "पुढचे सफेद घातलंय ते बदलूक व्हये. पासिंगाक पिवळेच लागतले." निकेतने त्याला डोळ्याने काहीतरी खूण केली. बहुतेक पैशाची असेल, माझ्यासमोर नको म्हणून. पोरगा माझी काळजी करतो.

२७ जानेवारी, मंगळवार

रविवारी भलताच प्रकार. बाजारात टोपल्या उतरवताना निकेत दोन्ही बाजूंच्या बत्त्या चालू ठेवतो, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. तेवढ्यात जळका वास आला. माझ्या टोपलीवरचं प्लास्टिक त्या सोनेरी तुकड्याला चिकटून वितळलं होतं. मी बोट लावलं, चटका बसला. नुसतं खाऊन बसणारा माणूसपण असाच तापट असतो.

निकेत म्हणाला, "आजये, आता आठ दिस टोपल्यो नको. मिठाचा पाणी वायरिंगात गेला. सुकाक व्हया."

शेवंती त्याच दिवशी बाबलीशी बोलून मोकळी झाली. बाबली बर्फाचा टेम्पो घेऊन पहाटे कट्ट्याला जातो. ती म्हणाली, "यमुनाबाय, चल, बर्फार गोणपाट घालून बसूया." मी म्हटलं, तू बस. मी बर्फावर बसून जाणारी बाई नव्हे. माझा नातू गाडीवाला आहे. गाडी घेताना माझ्या पाटल्या गेल्या तेव्हा तो काय म्हणाला होता? "आजये, जोपर्यंत तू बाजाराक बसशीत, पुढली सीट तुझी." एसटीत जावं तर कंडक्टर ओल्या टोपलीला चढू देत नाही.

म्हणून आज माझा पाट रिकामा राहिला. पहिला दिवस.

कावेरी, तुला हे मी शंभरदा सांगितलंय म्हणून पुन्हा सांगते. कट्ट्याला मासेवाल्यांच्या ओळीत पहिली जागा आपली. एसटीतून उतरलेला माणूस आधी माझ्यासमोर येतो. सावली दुपारपर्यंत हलत नाही. सासूने मला ती जागा दिली, पाटासकट. पण बायकांचा नियम आहे: सलग पंधरा दिवस, मधले सोमवार धरून, पाट रिकामा राहिला तर मागची बाई पुढे सरकते. मग भांडण नाही, विनवणी नाही. माझ्या मागे नर्मदा बसते. चांगली बाई आहे. दिवस मोजते.

२ फेब्रुवारी, सोमवार

सातवा दिवस.

आज देवळात जाऊन आलो. निकेतच म्हणाला, "आजये, गाडयेक धक्को बसलो, वायर जळली. एकदा कौल लावया." मला बरं वाटलं. आजकालची पोरं मोबाइलला विचारतात, हा देवाला विचारतो.

गुरवाने देवाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, डावीकडे, उजवीकडे. गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान जो काय इचार मनात धरलो आसा, जा काय काम काढल्यान आसा, त्येका यश दी. वाटेत कोण आडो इलो तर तेका बाजूक कर रे महाराजा!" आणि आम्ही सगळ्यांनी म्हटलं, "व्हय महाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा. निकेत हात जोडून डोळे मिटून उभा होता. घाम आला होता त्याला. थंडीत.

उजवी पाकळी पडली. धडकन. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. मी गुरवाला नारळ दिला.

येताना मितेशकडे थांबलो. त्याने तो सोनेरी तुकडा काढूनच टाकला आणि रिलेच नवा घातला. आता कशाला फसवायला नको, टिकटिक आपोआप बरोबर. म्हणजे काही तापणार नाही, काही वितळणार नाही. मी म्हटलं, चला, उद्यापासून टोपल्या. निकेत म्हणाला, "अजून चार दिस, आजये. सीट कव्हर नवी घातलंय, तेंची चिकट सुकांदे." गाडीत पुढे एक वासाची बाटली टांगली आहे. मोगऱ्याचा वास येतो. गाडीला मोगरा कशाला, मी विचारलं. वर्षाली म्हणाली, "आई, तुमका फुला आवडतत मा."

कावेरी, तुझा फोन आला होता. वर्षालीशीच बोललीस. मला एवढंच ऐकू आलं की पलंग आणला, लांबी पुरेल. तुला पलंग कशाला? कंबर धरली का? लसणाचं तेल गरम करून लाव.

वर्षाली, थांबलीस कशाला? लिही की.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरावा.

निकेत काल दिवसभर ओरोसला होता. गाडी तपासून घ्यायची होती म्हणे, नव्या दिव्यांसाठी सरकारी माणूस बघतो. दिवे पास झाले. पोरगा इतका खूश की येताना गुळाचं खाजं आणलं.

गाडीच्या पुढची-मागची पाटी बदलली आहे. आधी पांढरी होती, आता पिवळी. मला आकडे वाचता येत नाहीत, पण रंग कळतो. मी विचारलं. तो म्हणाला, "पिवळी लांबसून दिसता, आजये. दिव्यांवांगडा शोभता." खरंच शोभते. हळद लावलेल्या नवरीसारखी दिसते गाडी.

वर्षालीने इथे पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला गेली. ती आल्यावर मी म्हटलं, रामचंद्रला दाखवलीस का पाटी? म्हणाली, तो झोपलाय. माझा मुलगा रात्री होडीवर आणि दिवसा झोपेत, या घरात काय चाललंय ते त्याला गावजेवणाला कळतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

चौदावा. उद्या जाणारच. निकेतने शब्द दिलाय, "उद्या नक्की, आजये." सुरमई सांगून ठेवली आहे. पाट घासला. साडी नेसायची ती काढून ठेवली, हिरवी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उजाडायच्या आधी टोपली घेऊन पायरीवर बसले. गाडी अंगणात नव्हती.

वर्षाली म्हणाली, निकेतला दोडामार्गला अर्जंट काम निघालं, येईलच. बाबलीचा टेम्पो समोरून गेला. शेवंतीने हात केला. मी हात केला नाही, मला वाटलं हा आता येईल, आणि आला तर मी टेम्पोत दिसायला नको. त्याला वाईट वाटेल.

ऊन पायरीवर आलं. मग सुरमई वर्षालीला दिली. तिने सार केलं. मी जेवले नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी शेवंती आली. बसली नाही. असं कधी होत नाही.

"यमुनाबाय, नर्मदा आज पुढे सरकली."

मी म्हटलं, नियम आहे.

"ती रडली गो. म्हणाली, काल दुपारपर्यंत वाट बघितलंय. पाट तुझो उचलून भिंतीक लावन ठेवल्यान, पाय लावक दिल्यान नाय कोणाक."

तेवढ्यात निकेत गाडी घेऊन आला. शेवंतीने गाडीकडे बघितलं आणि तिच्या तोंडाचं कुलूप उघडलं.

"गो बाये! पिवळी पाटी! निकेतान गाडी भाड्याक लावल्यान? माका सांगूक नाय ता!"

मी म्हटलं, "काय बोलतंस? ती दिव्यांका शोभता म्हणान."

शेवंती माझ्या शेजारी टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं, "पिवळी पाटी टॅक्सयेक असता गो. पाव्हण्यांच्या गाडयेक."

मला ऊन, सावली, समुद्राचा रंग, माशाचा डोळा, सगळं वाचता येतं. एवढीशी पाटी वाचता आली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

निकेतला समोर बसवलं. जेवण वाढलं, कारण उपाशी माणसाला शिव्या लागत नाहीत.

म्हणाला, दोडामार्गला आत्याकडे राहणार. तिकडच्या हॉटेलचे पाहुणे गोव्याला न्यायचे-आणायचे. सोमवारपासून. डिसेंबरातच ठरलं होतं. ट्रकचा धक्का ही फक्त सबब झाली.

"मगे माका आठ दिस, चार दिस, उद्या, उद्या, असा कित्याक सांगलंस?"

"मासळीचो वास जाईना, आजये. पाव्हणे नाक धरतत. पंधरा दिस तरी गाडी मोकळी ठेवक व्हयी होती."

"पंधराच?"

तो भात चिवडत बसला.

"पंधरा दिसांचो नियम तुका ठाऊक नव्हतो?"

"होतो." नाक लाल. "माका वाटला, जागा गेली की तू आपोआप घरी बसशीत. सत्तर वर्सां झाली तुका. किती दिस टोपली उचलशीत?"

म्हणजे विसरला नव्हता. मोजत होता. नर्मदा मोजत होती ती उघड, पाटाशेजारी बसून. हा माझ्याच ताटात जेवून मोजत होता.

"आणि देवळात काय मनात धरलं होतंस?"

त्याने पाण्याचा तांब्या ओढला. मला गुरवाचं गाऱ्हाणं आठवलं. 'वाटेत कोण आडो इलो तर तेका बाजूक कर.' त्या वाटेत मीच आडवी होते. आणि सगळ्यांत मोठ्याने 'व्हय महाराजा' मीच म्हटलं. देवाचं काही चुकलं नाही. त्याला प्रश्न कळला होता, म्हणून पाकळी धडकन पडली. मलाच सांगायचं राहिलं होतं.

"तुका सांगला असता तर तू नाय म्हटला असतंस," निकेत म्हणाला.

"मेल्या, तीन दिस शिव्या घातल्यो असत्यो. चौथ्या दिसाक तुझी बॅग मीच भरली असती, आणि बाबलीच्या टेम्पोत जाऊन बसली असती. तू माझो होकार चोरलंस रे. मागितला असतंस तर फुकट गावलो असतो."

तो उठला. जेवण अर्धं राहिलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

निकेत पहाटे गेला. पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला, हात काढून घेता आला नाही, इतकंच. गाडी वळणावर गेली तेव्हा बत्ती लागली. लांबून दिसली, खूप लांबून.

दुपारी वर्षालीला म्हटलं, गुरुवारचं लिहिलंस ते वाचून दाखव. तिने वाचलं. चांगलं वाचते. पण त्या दिवशी शेवटी मी एक वाक्य सांगितलं होतं, ते आलंच नाही. मला अक्षरं येत नाहीत, पण माझी वाक्यं मला ओळखू येतात. ती वाटेत हरवली तर मला कळतं.

मी म्हटलं, "वर्षाली, ता वाक्य खंय गेला?"

तिचे डोळे भरले. "आई, ता नको लिवया."

"लिही."

आता लिहिते आहे. 'माझ्या सुनेला सगळं माहीत होतं.' लिहिलंस? पुढे लिही. 'ती रोज माझ्यासमोर बसून, मी नातवाचं कौतुक करायची ते सुंदर अक्षरात लिहायची.' लिहिलंस? आता वाच. हं. आता बरोबर.

ती म्हणाली, "झिलाचा, निकेतचा, चांगला होता म्हणान गप रवलंय. वन्सं पण म्हणाली, आयेक आताच सांगू नको."

वन्सं म्हणजे तू, कावेरी. पलंग कोणासाठी आणलास ते मी इतके दिवस तुझ्या कमरेला विचारत बसले होते.

वर्षाली रडते आहे. थोडं रडू दे, मग चहा करेल. रागावून मी दुसरी कोण लिहिणारी आणणार? आणि खरं सांगायचं तर हे सगळं तिनेच लिहिलेलं बरं.

२ मार्च, सोमवार

चौदा दिवस काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं रोज होतं.

आता मी बाबलीच्या टेम्पोतून जाते, बर्फावर गोणपाट घालून. शेवंती म्हणते, "बघ, आधी इली असती तर जागा रवली असती." ती हे रोज म्हणते. तिला थंडी वाजत नाही, मला वाजते. बाबलीच्या टेम्पोच्या बत्त्या केव्हाच मेल्यात. तो वळताना हात बाहेर काढतो आणि मागची सगळी वाहनं थांबतात.

मी ओळीच्या शेवटी बसते, गटाराच्या अलीकडे. पहिल्या दिवशी नर्मदा उठून उभी राहिली. म्हणाली, "आजये, तू बस हय, मी मागे जातंय." मी म्हटलं, बस गो. तू दिवस उघड मोजलेस. तुझ्यावर माझा राग नाही. शेवटच्या जागेवर दहा वाजताच ऊन येतं. बांगडा नरम पडतो. गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर पिशवी भरलेली असते. जुनी माणसं मुद्दाम चालत येतात, विचारतात, "यमुनाबाय, हय खंय?" मी सांगते, हवापालट.

निकेतचा काल फोन आला. वर्षालीने माझ्या कानाला लावला. म्हणाला, "आजये, बरा चल्ला हा. पाव्हणे खूश आसत. तू बाजाराक जातंस अजून?" मी म्हटलं, जाते. तो म्हणाला, "जागा गावली?" मी म्हटलं, गावली. कोणती ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने माझ्यापासून दोन महिने लपवलं. माझं एवढं एक असू दे.

कावेरी, वही अर्धी रिकामी आहे, तरी पाठवते. वर्षालीचं अक्षर शेवटी शेवटी वाकडं झालंय, तिला बोलू नकोस. निकेतला ही वाचून दाखवायची की नाही ते तू ठरव. तुम्हा सगळ्यांना माझ्यासाठी ठरवायची सवय आहेच.

त्याला जेवायला वेळेवर घाल. रात्री डाळ नको, पोट फुगतं त्याचं.

आणि ओले काजूगर पाठव, तुझ्याकडे आता झाडं भरली असतील. सोलू नकोस. तसेच, चिकासकट पाठव, माझ्या हातांना भाजत नाही आता. निकेतच्या गाडीतून मात्र देऊ नकोस. एसटीच्या कंडक्टरकडे दे, सुकी पिशवी तो घेतो.